चोचमास्तरांचा निवाडा

दुरूनच पोपटाची जात सांगणारे पुष्कळ, पण चोचमास्तर पक्षी खिडकीपाशी नेल्याशिवाय तोंड उघडत नसत. निळ्या-पिवळ्या मकाव पोपटाची छाती निखळ पिवळी आणि चोच काळीभोर असली तर तो शुद्ध. छातीवर नारिंगी झाक, चोचीवर फिकट पट्टा दिसला की तांबड्या मकावशी संकर. सत्तावीस वर्षं त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. टोपणनाव लोकांनी ठेवलेलं, पण मास्तरांचं नाकही असं बाकदार की ते चिकटलंच.

एकदाच घाई नडली. बाहेर जायचं होतं, बायको दाराशी ताटकळली होती. पिवळ्या दिव्याखाली एका मादीची छाती त्यांना नारिंगी वाटली, चोचीवर फिकट पट्टा दिसला आणि चोच ओल्या कापसाने न पुसताच त्यांनी सांगितलं, "संकर आहे. वेगळी करा हिला."

मालकाने त्याच दिवशी तिला तिच्या जोडीच्या नरापासून तोडलं. नराने स्वतःच्या छातीची पिसं उपटली आणि नवव्या दिवशी मेला. मग कोणीतरी मादीची चोच पुसली. पट्टा म्हणजे वाळलेला केळ्याचा गर होता.

मास्तरांनी तिला मालकाकडून मागून घरी आणलं. सहा महिने ती गप्प होती. एका दुपारी मास्तर जेवत असताना ती त्यांच्याच आवाजात म्हणाली, "वेगळी करा हिला." घास हातातच राहिला. पुढे ती एवढंच बोलू लागली. बायको आतून विचारायची, "काही म्हणालात?" आणि आपण खरंच बोललो की काय, हे मास्तरांनाही कळेनासं व्हायचं. त्यांना स्वतःच्या आवाजाची भीती वाटू लागली.

परवा एकाने जोडी आणली. "मास्तर, दोघांत एक मिश्र आहे म्हणतात. कोणता ते सांगा, आजच वेगळा काढतो."

मास्तरांनी दोघांना उजेडात धरलं, चोची दोनदा पुसल्या. नराच्या चोचीवरचा फिकट पट्टा गेला नाही. छातीवर नारिंगी झाक होतीच. परत पिंजऱ्यात ठेवताच मादी त्याची मान खाजवू लागली.

"बोला ना, कोणता?"

"मला नाही ओळखता येत."

"तुम्हाला? थट्टा करता का?"

"डोळे गेले माझे."

माणूस पुटपुटत पिंजरा उचलून निघाला. संध्याकाळपर्यंत ही बातमी बाजारभर होणार होती. मास्तरांना लाज वाटली, रडूही आलं. दुसरा पारखी गाठायला त्याला आठवडा तरी लागेल, असा त्यांनी अंदाज बांधला. आठवडाभर तरी दोघं एकत्र राहतील.