गैरसमजाची ओळ

बँकेतल्या बाईंनी चेक आणि त्याला टाचलेला कागद काउंटरवरून माझ्याकडं सरकवला. "ताई, खात्यात पैसे नाहीत त्यांच्या. दुसऱ्यांदा परत आलाय. आता कोर्टच."

चेक सेहेचाळीस हजारांचा होता. इंदापूर तालुक्यातल्या एका खासगी शाळेच्या संस्थाचालकांनी तो स्वतःच्या खात्यावरून मला दिला होता. मी बारामतीत शिवणकाम करते. बुद्धविहारामागच्या आमच्या दोन खोल्यांत चार मशिनी आहेत. त्या उन्हाळ्यात मी आणि हाताखालच्या तिघी बायकांनी त्यांच्या शाळेचे सव्वाशेच्या वर गणवेश शिवून दिले होते. शाळा सुरू व्हायच्या आत, कबूल केलेल्या तारखेला. त्या तिघींची शिलाई मी भिशी उचलून केव्हाच देऊन टाकली होती. राहिला होता तो माझाच घास.

मी एसटीनं इंदापूरला गेले. संस्थाचालकांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणायची. ते शाळेच्या ऑफिसात बसले होते.

"आबा, चेक परत आला."

"व्हय, कळलं. बघू पुढच्या महिन्यात."

"तिसरा महिना चाललाय आबा. मला केस करावी लागंल."

ते हसले, रागावले नाहीत. "करा की. वकिलाची फी, कोर्टाची फी, तारखांचं गाडीभाडं. शेचाळीस हजारासाठी तेवढंच घालवाल. तुमच्यासारख्यांनी कोर्टाच्या नादी लागू नये, बाई."

तुमच्यासारख्या म्हणजे कुणासारख्या, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. उठले आणि बाहेर आले. पुढचा सगळा खर्च मी त्या एका वाक्यासाठी केला, असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही.

माझे मालक माळेगावच्या कारखान्यात हंगामी कामाला आहेत. ते म्हणाले, "सोड. मोठी माणसं हायत. आपण आणखी दहा ठिकाणी शिवू." मी म्हटलं, दहा ठिकाणी शिवीन आणि ह्याचेही घेईन. ते जेवणावरून उठून गेले. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं.

मी गाठलेली वकील तिशीतली मुलगी होती. तिनं पहिल्याच दिवशी खर्च तोंडावर सांगितला, ते मला आवडलं. नोटिशीचे वेगळे, तिची फी तीन हप्त्यांत, कोर्ट फी चेकच्या रकमेप्रमाणे, शिवाय टायपिंग, नोटरी, झेरॉक्स आणि समन्स बजावायचा खर्च. "ताई, नोटीस तीस दिवसांच्या आत गेली पाहिजे. एक दिवस चुकला तर केस गेली," ती म्हणाली. मी विचारलं, केस इंदापुरात चालणार का? ती म्हणाली, "नाही. तुमचं खातं बारामतीच्या बँकेत आहे. त्यांनी इकडं यायचं." त्या दिवशी पहिल्यांदा मला बरं वाटलं.

नोटीस 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली. वकीलबाई म्हणाल्या, नकार म्हणजे मिळालीच. पंधरा दिवस थांबून आम्ही फिर्याद दाखल केली. कोर्ट फीचे पैसे भरण्यासाठी मी दिवाळीच्या ब्लाउजांची आगाऊ रक्कम वापरली. खिडकीवरच्या माणसानं चेकची रक्कम बघून विचारलं, "एवढ्याशासाठी?" मी म्हटलं, "तुमी पावती फाडा."

पुढं तारखा. पहिल्या तीन तारखांना आबा आले नाहीत. मग वॉरंट निघालं. त्यावर शेरा आला, पत्त्यावर मिळून आले नाहीत. रोज शाळेत बसणारा माणूस मिळून येत नव्हता. कोर्टानं पुन्हा वॉरंट काढलं, तेव्हा मी स्वतः त्यांच्या हद्दीतल्या पोलीस चौकीत गेले. वॉरंट ज्यांच्याकडं होतं त्या हवालदारांना म्हटलं, "साहेब, शनिवारी शाळेचं स्नेहसंमेलन हाय. तितं ते असणार. स्टेजवर."

हवालदार म्हणाले, "ताई, तुमी येताय का संगं?"

"येते."

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. मांडवाच्या दाराशी मुली स्वागताला उभ्या होत्या, मी शिवलेल्या गणवेशांत. कॉलर कुठंच उसवलेली नव्हती. एकीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि गुलाबाचं फूल दिलं. आबा स्टेजवर भाषण करत होते. हवालदार पुढं निघाले, तेव्हा मीच त्यांचा हात धरला. म्हटलं, "पोरांसमोर नको. कार्यक्रम होऊ द्या."

आम्ही मागं खुर्च्यांवर बसलो. तासाभरानं आबा खाली उतरले, तेव्हा हवालदारांनी त्यांना बाजूला घेऊन कागद पुढं केला. पुढच्या तारखेला हजर राहीन म्हणून सही करताना आबांचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"बाई, चाळीस हजारासाठी हितवर आलात?"

"शेचाळीस," मी म्हटलं.

पुढच्या तारखेला ते बारामतीच्या कोर्टात हजर झाले. बाहेर व्हरांड्यात त्यांच्या वकिलानं निरोप आणला: पंचवीस घ्या आणि मिटवा. मी नको म्हटलं. त्याच्या पुढच्या तारखेला पस्तीस झाले. तेव्हा माझ्या वकीलबाईही म्हणाल्या, "ताई, विचार करा. अजून दोन वर्षंही जातील." त्या दिवशी मालक माझ्यासोबत आले होते, कामावर खाडा करून. मला वाटलं, तेही घ्या म्हणतील. ते म्हणाले, "तिला इचारा. केस तिची हाय."

मी म्हटलं, सगळे सेहेचाळीस आणि वर खर्च.

चार महिन्यांनी ते तयार झाले. पुढच्या तारखेला सेहेचाळीस हजार आणि खर्चाचे बारा असा डिमांड ड्राफ्ट आला. सोबत तडजोडीची पुरसीस, म्हणजे दोघांनी सह्या करून कोर्टाला द्यायचा कागद. मी तो बाकावर बसून वाचला. तिसरी ओळ होती: 'सदर फिर्याद ही गैरसमजातून दाखल झालेली आहे.'

"ही ओळ काढा," मी म्हटलं.

त्यांचा वकील म्हणाला, "ते नुसतं लिहायचं असतं हो. पैसे मिळतायत ना?"

"माझा गैरसमज झालाच न्हाय. चेक कुणी दिला, कशाचा दिला, मला सगळं समजत होतं. ओळ राहिली तर मी सही करणार न्हाय. ड्राफ्ट घेऊन जा."

आबा समोरच उभे होते. वकिलानं त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी मान हलवली. कागद पुन्हा टाइप करून यायला तासभर गेला. मी बाकावर बसून राहिले. नवा कागद दोनदा वाचला आणि सही केली.

माझा खर्च एकोणीस हजारांच्या वर गेला होता. म्हणजे सात हजारांनी मी तोट्यात गेले. शेजारच्या कुणीकुणी ते मला बोटावर मोजून दाखवलं. मला हिशोब येतो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालवीन.

मागच्या महिन्यात लासुर्ण्याची एक बाई माझा पत्ता शोधत आली. शेवया-पापडाचं काम करते. हातात दुकानदाराचा परत आलेला चेक होता. मी तिला आधी नोटिशीची मुदत आणि सगळा खर्च सांगितला, काहीही कमी न करता. ती म्हणाली, "तीस दिवसांतले किती राहिले?"

"अकरा," बँकेच्या कागदावरची तारीख बघून मी म्हटलं आणि वकीलबाईंना फोन लावला.