मास्तरणीचं रिकामं आकाश

मी गेले होते भांडायला. आमच्या गल्लीच्या टोकाला, तारेच्या कुंपणापलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य डिश उभ्या राहिल्या, तेव्हा शब्द दिला होता की इथल्या माणसांना कामं मिळतील. मिळालं काय? झाडू आणि वॉचमनची शिट्टी. दोनदा मोर्चा काढला, शेवटी तडक ऑफिसात घुसले आणि टेबलावर हात आपटला. "आतल्या खोलीत, कॉम्प्युटरवर, आमची माणसं का नाहीत?"

टेबलापलीकडे एक ठेंगणी बाई लवंग चघळत बसली होती. दचकली नाही की उठली नाही.

"शिकायला तयार असतील तर आणा. जागा एकच आहे. शेवटच्या परीक्षेत जो उतरेल, त्याची."

"आणते. आणि मीही येऊन बसणार. काय शिकवता ते बघते ना!"

"बसा की. मागचा बाक रिकामाच असतो."

ही मास्तरीण. नोकरी खरी रेडिओ दुर्बिणीचा डेटा तपासण्याची, पण नव्या लोकांना शिकवता शिकवता हे नाव चिकटलं ते चिकटलंच. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ही पोर तिथे दोन स्टेशनांच्या मधली खरखर लावून बसायची. वडील ओरडायचे, "अगं, गाणं लाव, गिऱ्हाईक पळतंय!" तर म्हणायची, "थांबा ना बाबा, आत कुणीतरी बोलतंय." आज तिची सासू विचारते, "दिवसभर आकाशाकडे बघतेस, मग छत्री विसरून भिजत कशी येतेस गं?"

मी पाच जणांना घेऊन गेले. त्यांत एक आमच्या गल्लीतला वेल्डर, एक चष्मेवाली कॉलेजकन्या आणि माझी धाकटी जाऊ. तिला सगळे धाकटीच म्हणतात. तिचा पॅकिंगचा कारखाना बंद पडला होता आणि "तू काय, घरीच असतेस" हे वाक्य ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. तिला ती जागा हवी होती म्हणजे हवीच होती. रोज सगळ्यांच्या आधी येऊन खुर्ची पकडायची.

मास्तरणीचा वर्ग म्हणजे निम्मा बाजार, निम्मी कुस्ती. पहिला धडा कचरा काढण्याचा. आकाशातून येणारी कुजबुज इतकी बारीक, की मोबाइल, विमान, फाटकाची मोटर, सगळे तिच्यावर आरडाओरडा करतात. पडद्यावर त्या आरडाओरड्याच्या रेघा उमटतात. ओळखायच्या आणि काढायच्या. एका आलेखावर मध्येच फर्र, थांबून फर्र, अशा पांढऱ्या पट्ट्या होत्या. वेल्डर खुर्चीतून ताडकन उठला. "ओ, हा तर मी! परवा फाटकाजवळचा खांब जोडत होतो ना, ही माझीच ठिणगी!"

वर्गात हशा पिकला. मास्तरीण टाळी वाजवत म्हणाली, "मग काढ ती. आपला कचरा आपण उचलायचा." गडी असा फुगला, की आठवडाभर येईल त्याला ती पट्टी दाखवत होता.

मग आलं सूर लावणं. प्रत्येक डिशचा सूर जरा वेगळा, सगळ्या जुळवल्याशिवाय चित्र उमटत नाही. म्हणून कॉम्प्युटरला आधी आपला अंदाज सांगायचा, तारा साधारण इथे असावा. तो त्या अंदाजाला धरून डिश जुळवत जातो. मास्तरणीने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मनी वसे ते स्वप्नी दिसे', आणि काही न सांगता चहाला गेली. मला वाटलं, बाईला सुभाषितांची हौस दिसते.

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांना एकच डेटा दिला. "मध्यावर एक फिकट तारा आहे. काढून दाखवा."

खोलीत नुसत्या कळांचा कडकडाट. पहिली ओरडली चष्मेवाली, "दिसला!" मग वेल्डर, मग उरलेले दोघं. चौघांच्या पडद्यांवर अगदी मधोमध झळझळीत ठिपका. मी तर बाकावरून उठून नाचायचीच बाकी होते. आमच्या गल्लीने तारा पकडला होता!

धाकटीचा पडदा मात्र मुंग्या सोडल्यासारखा. मी मागून तिच्या कानाशी गेले. "अगं, सगळ्यांना सापडला, तुझा कुठाय? जागा जाईल हातची!"

"ताई, जरा गप्प बसा ना."

"हुज्जत मागच्या बाकावर!" मास्तरीण गरजली. मग धाकटीकडे वळली. "काय गं, तारा कुठे तुझा?"

धाकटी उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, पण आवाज खणखणीत. "बाई, मलाही मध्यावर सापडला होता. पण फारच पटकन सापडला, म्हणून शंका आली. मग मी कॉम्प्युटरला सांगितलेला अंदाज बदलला. ताऱ्याला म्हटलं, वरच्या कोपऱ्यात बस. तर कोपऱ्यात जाऊन बसला. खाली बस म्हटलं, खाली बसला. इतका आज्ञाधारक तारा असतो होय? आमच्या घरात पोरंसुद्धा इतकं ऐकत नाहीत." तिने पडद्याकडे बोट केलं. "इथे काही नाहीये, बाई. जागा नाही दिली तरी चालेल. पण नाहीये."

मास्तरणीने लवंग चावली, तो आवाजसुद्धा ऐकू आला. मग एवढीशी ती बाई टुणकन उडी मारून ओरडली, "नाहीच्चे! नुसती खरखर आहे ती, मी स्वतः कॉम्प्युटरवर बनवलेली!"

माझं डोकं सटकलं. "म्हणजे खोटं सांगून फसवलंत आमच्या माणसांना?"

"हो, फसवलं. बाहेर कुणी आधी सांगून फसवतं का? तुम्ही मोर्चे काढता, तुम्हाला मी सांगायला हवं?"

मी बसले खाली.

पुढे जो धिंगाणा झाला! चौघंही आपापला तारा पळवायला लागले. वेल्डरने तर त्याला पडद्याच्या चारी कोपऱ्यांत फिरवून आणला. "बस म्हटलं की बसतो, च्यायला!" चष्मेवाली आधी रडवेली झाली होती, ती हसून हसून ठसकली. फळ्यावरची म्हण आता सगळ्यांना एकदम वाचता आली, मलाही.

"सोमवारपासून ये," मास्तरीण धाकटीला म्हणाली. धाकटी मटकन खुर्चीत बसली आणि ओढणीत तोंड लपवून हसायला लागली.

"आणि या चौघांचं काय?" मी विचारलंच. सोडते काय!

"त्यांना पुढच्या वर्गात पुन्हा बसवते. एकदा असे तोंडघशी पडलेत, आता बघा कसे शिकतात ते."

मग तिने धाकटीचा पडदा पुसला आणि नवा डेटा उघडला. सकाळीच डिशमधून उतरलेला, अजून कुणाचा हात न लागलेला. आम्ही सगळे खुर्च्या सरकवत तिच्याभोवती गोळा झालो, वेल्डरचं कोपर माझ्या बरगडीत.

"यात काय आहे, बाई?" धाकटीने विचारलं.

"मला काय माहीत!" मास्तरणीचे डोळे लकाकत होते. "सरका जरा, मलाही बघू द्या."