मेजरचा उघडा हात

वार्शांडच्या चौकात मेजर गालच्या पुतळ्याचा घोडा पुढचा एक पाय उचलून उभा आहे, आणि रोझालियाची लांगोशची, म्हणजे तळलेल्या जाड पुऱ्यांची, टपरी बरोबर त्याच्या शेपटीमागे आहे. नगरपालिकेने तिला समोरची, सावलीची जागा देऊ केली होती. "मला मागचीच बरी," असं सांगून तिने विषय संपवला. घोड्याचं ढुंगण दिवसभर बघायला तिची ना नव्हती. वरच्या स्वाराची ती वळलेली मान मात्र तिला डोळ्यांसमोर नको होती.

मेजर गाल बादशहाविरुद्धच्या लढाईत लढला, त्याला जमाना झाला. पण पुतळ्यातली मांड, खांदे, हात, सगळं रोझालियाच्या नवऱ्याचं, वेंडेलचं. तो तेव्हा सहकारी शेतीच्या तबेल्यात कामाला होता. बुडापेस्टहून कोर्नेलिया नावाची शिल्पकार बाई आली, तबेल्यातला घोडा तिने मागितला आणि घोड्यावर बसायला वेंडेलला घेतलं. सबंध उन्हाळा. रोझालियाच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाई पँट घालायची, सिगारेट ओढायची आणि परक्या बाईच्या नवऱ्याला भर चौकात नावाने हाक मारायची.

तेवढंही तिने गिळलं असतं. पण त्या उन्हाळ्यात वेंडेल एकदा एकच हातमोजा घेऊन घरी आला. हरणाच्या कातड्याची ती जोडी रोझालियाने साखरपुड्याला दिलेली.

"दुसरा कुठेय?"

"पडला असेल तबेल्यात."

पुतळा उभा राहिला तेव्हा मेजरच्या एका हातावर मोजा चढवलेला होता आणि दुसरा हात उघडा. रोझालिया काय समजायचं ते समजली.

जखमेवर मीठ चोळायला अंब्रुश मास्तर होतेच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते पाहुण्यांना गाव दाखवत आणि रोज टपरीपुढे उभं राहून तेच सांगत.

"हा पाय बघा मंडळी. चारही पाय जमिनीवर असते, तर स्वार अंथरुणात मेला. दोन वर असते, तर रणात पडला. एक वर आहे, म्हणजे जखमी झाला आणि त्याच जखमेने पुढे दगावला. आता मान बघा, वळलीये कुठे? आणि एक हात उघडा. तो हातमोजा मेजरने कुणाला तरी दिलाय. कुणाला, ते मी नाही सांगत, बायामाणसं आहेत."

पाहुणे हसत. मागे रोझालिया कणकेचा गोळा ओट्यावर आपटे. मास्तरांचं सगळं तिला पटत होतं. जखमी झाला हे तर शंभर टक्के खरं, फक्त कुठे झाला ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. घरात सूप खारट झाल्याची कुरकुर झाली की उत्तर ठरलेलं: "मग जा तिच्याकडे जेवायला." वेंडेल तेच सूप संपवायचा. त्याने एकदा तरी कानांवर हात ठेवले असते, तर तिची आग थोडी निवली असती.

आणि यंदा पुतळ्याचा पन्नासावा वाढदिवस निघाला. कोर्नेलिया स्वतः येणार होती.

खुब्याच्या ऑपरेशनपासून वेंडेल काठीशिवाय दारापर्यंतही जात नव्हता. त्या सकाळी तो मिशी कातरून, लोकांच्या मयतीला घालायचा तो पांढरा शर्ट घालून बसलेला दिसला.

"नटून कुठे निघालास?"

"चौकात. कार्यक्रम आहे ना."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"चाल म्हणून सांगितलंय."

रोझालियाचा तिळपापड झाला. तिने कोपऱ्यातली काठी उचलली. "टपरीचा पडदा वर करायला मला ही लागते," म्हणाली आणि निघून गेली. पडदा ती आजवर हातानेच वर करत आली होती.

भाषणं संपली आणि एक वाळकुडी म्हातारी थेट टपरीवर आली. सिगारेट अजून सुटली नव्हती.

"एक द्या. आंबट साय जास्त."

रोझालियाने कणकेचा गोळा हातावर थापला. तिने गोळा तेलात सोडला आणि पाठमोरीच विचारलं, "बाई, त्याचा एक हात उघडा का ठेवलात?"

"बोटं घडवायला मजा येते," कोर्नेलिया म्हणाली. "दोन्ही उघडेच करणार होते. पण मुदत संपत आली, म्हणून दुसऱ्यावर मोजा चढवला. मोज्यात बोटं चुकली तरी खपून जातात."

"आणि मान?"

"समोर ऊन. पोरगा सारखा डोळे मिचकावायचा."

"पाय?"

"माश्या हो. काय माश्या होत्या तुमच्या गावात!"

रोझालियाने लांगोश उलटला. आता उरलेलं एकच. "मोजा कुणाचा होता?"

"त्या पोराचाच. ठेवा तुम्हाला, म्हणाला. मोज्याला माती लागून लागून पार वाट लागली, दिला फेकून."

"कोण होता तो?"

"तबेल्यातलं कुणीतरी. दोघंतिघं होते वाटतं, आलटून पालटून." मग म्हातारीचा चेहरा उजळला. "घोडा मात्र लख्ख आठवतो. बेत्यार नाव त्याचं! कपाळावर पांढरा ठिपका. तसं देखणं जनावर पुन्हा पाहिलं नाही."

दोघंतिघं नव्हते. एकटा वेंडेल होता, सबंध उन्हाळा. रोझालियाने पन्नास वर्षं या बाईचा हेवा केला, आणि हिला घोडा आठवत होता. नवरा पळवला असता तर एवढा राग आला नसता. तिने लांगोशवर साय घातलीच नाही, लसूण मात्र मूठभर थापला.

ती घरी आली तेव्हा वेंडेल पांढऱ्या शर्टातच खिडकीशी बसला होता. तिने काठी दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवली आणि आत आली.

त्याने शर्टाची कॉलर नीट केली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "आली होती का ती?"

"आली होती."

"काही म्हणाली?"

रोझालियाने डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, त्याची घडी घातली.

"तुझीच चौकशी करत होती," ती म्हणाली. "तो हातमोजेवाला कसा आहे, म्हणाली. तसा देखणा स्वार पुन्हा पाहिला नाही म्हणे."

वेंडेलने मिशीवरून बोट फिरवलं. "मग जरा जाऊन येऊ का? काठी दे."

"काठी राहिली टपरीवर. आणि ती गेलीसुद्धा मघाच्या गाडीने."

"बरं," तो म्हणाला. पण मिशीखालून हसत होता. मेल्याच्या गालावर या वयात लाली चढली होती. ते पाहून रोझालियाच्या मनात तोच जुना हेवा पुन्हा भडकला, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

"सूप गरम करते," ती म्हणाली. "खारट लागलं तर गुपचूप गिळ."