डोमकळीची क्लिप शिल्लक नाही

"ताई, तो व्हिडिओ ते मी दखेल शे. म्हनीसन उघाडाच नही."

फोनवर शिंदखेडा तालुक्यातले एक आबा होते. त्यांची तक्रार नव्हती; आधी पाहिलाय म्हणून उघडला नाही, एवढंच ते सांगत होते. पण त्यांनी पाहिलेला व्हिडिओ वेगळा होता. न उघडलेल्या व्हिडिओत कामगंध सापळ्याचा ल्युअर कधी बदलायचा ते सांगितलं होतं. ल्युअर म्हणजे बोंडअळीच्या नर पतंगाला वासाने ओढणारी गोळी. ती जुनी झाली की सापळा नुसता लटकतो. आबांच्या कपाशीत तो तसाच लटकत होता.

चूक माझी होती. दोन्ही व्हिडिओंची सुरुवात एकाच क्लिपने झाली होती: पांढरी टोपी घातलेला माणूस कपाशीच्या सरीतून चालत येतो.

मी जळगावला शेतीसल्ल्याचे छोटे व्हिडिओ एडिट करते. त्याआधी वीस वर्षं लग्नाचे व्हिडिओ केले. इथे रोज एक व्हिडिओ जातो. एवढं एकटीला झेपेना म्हणून ऑफिसने एआय एजंट घेतला. एजंट म्हणजे नुसतं उत्तर देणारं नव्हे, हातात दिलेली साधनं वापरून काम उरकणारं सॉफ्टवेअर. तो स्क्रिप्ट वाचतो, आमच्या साठ्यातून जुळणाऱ्या क्लिप शोधतो, कच्चा व्हिडिओ जोडून देतो. मी तपासते.

मी त्याला लिहून दिलं, "क्लिप पुन्हा वापरू नकोस." दुसऱ्या दिवशी टोपीवाले हजर.

आमची प्रोग्रामर करुणा मूळची दोंडाईचाची. कमी बोलते. तिने पाहिलं आणि म्हणाली, "ताई, त्याला काल काय केलं तेच माहीत नाही. प्रत्येक काम त्याला पहिलंच."

"मग मी वहीत लिहून ठेवते."

"वही तुम्ही वाचाल. तो कसा वाचेल?"

तिने दोन दिवसांत हिस्टरी टूल बनवलं. क्लिप निवडण्याआधी एजंट त्याला विचारतो, ही कधी वापरली होती का? मी व्हिडिओ मंजूर केला की त्यातल्या क्लिपची नोंद होते. महिनाभर ती क्लिप बंद. मंजुरीची अट तिने मुद्दाम घातली. नाहीतर मी नाकारलेल्या व्हिडिओतल्या चांगल्या क्लिपही अडकून पडल्या असत्या. हे मला सुचलं नसतं. शिवाय तिने नोंदीत नावासोबत क्लिपचं एक छोटं चित्रही ठेवलं. कशाला, ते मला नंतर कळलं.

आठवडा छान गेला. मग डोमकळीची स्क्रिप्ट आली. गुलाबी बोंडअळी शिरलेलं फूल नीट उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. ती डोमकळी. ती वेळेत ओळखून खुडली तर पुढचा त्रास वाचतो. सकाळी एजंटने व्हिडिओ दिलाच नाही. एक निरोप दिला:

"डोमकळीच्या दोन क्लिप सापडल्या. पहिली मंगळवारी वापरली आहे. दुसरीचं नाव वेगळं आहे, पण चित्र पहिलीचंच आहे. दुसरं कोणतंही फूल दाखवलं तर माहिती चुकीची होईल. नवीन चित्रीकरण लागेल."

मी साठ्यात जाऊन पाहिलं. खरंच, एकच क्लिप दोनदा कॉपी झाली होती. चार वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती.

आमचे चौधरी सर म्हणाले, "एक दिवस रिपीट झालं तर काय बिघडतं? टाका तीच."

"सर, लोक पहिली दोन सेकंद बघून ठरवतात. ओळखीचं दिसलं की पुढे सरकतात. आणि क्लिप मोकळी होईपर्यंत ही सूचना महिनाभर थांबणारी नाही."

सर घड्याळाकडे पाहत म्हणाले, "चारपर्यंत जमेल?"

करुणाने स्कूटर काढली, मी मागे कॅमेरा धरून बसले. शहराबाहेर करुणाच्या ओळखीच्या एक अक्का कपाशी करतात. त्यांना काय हवं ते सांगितलं. त्या सरीत शिरल्या आणि पाच मिनिटांत वाकून थांबल्या.

"हे पाहा, कसं मिटेल हाये. फोडून दाखवू का?"

त्यांनी नखाने पाकळ्या सोडवल्या. आत अळी वळवळत होती. अक्कांचा चेहरा उतरला. त्यांनाही ती आत्ताच दिसली होती. तरी त्यांनी फूल कॅमेऱ्यासमोर धरून ठेवलं. मी एका दमात सगळं चित्रित केलं. कॅमेरा बंद झाल्यावर अक्का पदर खोचून पुढच्या झाडाकडे वळल्या. आम्ही दोघीही थोडा वेळ त्यांच्यासोबत खुडायला थांबलो.

व्हिडिओ साडेचारला गेला. संध्याकाळपर्यंत साक्रीपासून रावेरपर्यंतचे फोन आले. बहुतेकांनी फुलांचे फोटो पाठवले होते, "हीच का ती?" विचारत. काहींची ती होती. सरांनी त्या क्लिपबद्दल करुणाचं नाव घेऊन कौतुक केलं. ती म्हणाली, "शूट ताईंनी केलंय," आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली.

आता आठवड्यातून एक दिवस आम्ही शेतात जातो. कुठे जायचं हे एजंटने "शिल्लक नाही" म्हटलेल्या विषयांवरून ठरतं. लग्नाच्या व्हिडिओंच्या वीस वर्षांत मला "नाही" म्हणणारा असिस्टंट कधी मिळाला नव्हता. मिळाला असता, तर तेव्हा मी त्याला काढून टाकलं असतं.