गल्लीचा फोन माझ्या पर्समध्ये

बडोद्यात, निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत पहिला फोन आमच्या घरी आला, आणि आला त्या दिवसापासून तो आमचा राहिला नाही. बाबा गोरव्याच्या एका कारखान्यात फोरमन होते. अर्ज करून, वर्षानुवर्षं वाट पाहून फोन मिळाला तेव्हा आईने पेढे वाटले आणि पेढ्यांबरोबर नंबरही वाटला. तशी रीतच होती. ज्याच्याकडे फोन नाही त्याने शेजाऱ्याचा नंबर नातेवाइकांना द्यायचा आणि पुढे 'पी.पी.' लिहायचं. फोन आला की शेजारी हाक मारणार, आपण हातातलं काम टाकून धावत जाणार. आमच्या बाहेरच्या खोलीत मी लोकांच्या बारशांच्या, बदल्यांच्या आणि मरणाच्या बातम्या ऐकत मोठी झाले. फोनवर बोलणाऱ्याला एकट्याने बोलायचं असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. उलट त्याने फोन ठेवला की आई विचारायची, "काय म्हणाले?" आणि तोही सगळं सांगायचा.

पुढे मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले आणि बडोद्याबाहेर सावली नावाच्या गावी एका औषधांच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. आमच्या घरातली नोकरी करणारी पहिली मुलगी मी. बाबांना त्याचा अभिमान होता आणि धास्तीही होती, कारण कंपनीची बस सकाळी पुरतं उजाडण्याआधी निघायची आणि परत येईपर्यंत दिवेलागण होऊन जायची. या धास्तीवर उतारा म्हणून त्यांनी मला मोबाइल घेऊन दिला. करडा, जाडजूड, कपड्याच्या साबणाच्या वडीएवढा. तो पर्समध्ये टाकून मी बसच्या पायरीवर चढले तेव्हा स्वतःला फार मोठी समजत होते.

येणाऱ्या फोनला पैसे पडणं नुकतंच बंद झालं होतं. ही बातमी आईच्या कानावर पडायचा अवकाश, तिने गल्लीत जाहीर करून टाकलं, "आता फोन बंद पडले तरी काळजी नको. पोरीचा मोबाइल आहे ने! तोच नंबर देऊन ठेवा." तोवर बहुतेकांकडे स्वतःचे फोन आले होते, पण पावसात केबल भिजली की ते आठवडाभर मुके व्हायचे. सगळ्यांनी माझा नंबर घेतला आणि जुन्या सवयीने पुढे पी.पी. लावून गावोगावी कळवला. मोबाइल माझ्या पर्समध्ये, पर्स सावलीत, आणि मी हातात परीक्षानळी धरून उभी. फोन वाजायचा. "जरा समोरच्या काकूंना बोलवा ने." मी सांगायचे, अहो, मी सावलीत आहे, घरी नाही. पलीकडून शांतपणे उत्तर यायचं, "हां, चालेल. मी होल्ड करतो."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी येऊन मी आईवर चिडायचे आणि आई म्हणायची, "दुसऱ्याचं काम झालं तर तुझं काय जातं?" माझं काय जातं हे सांगायला मलाही नीट शब्द सापडत नव्हता. खाजगी हा शब्द आमच्या घरात फक्त शिकवणीला आणि बसला लावला जायचा.

सगळ्यांत जास्त फोन समोरच्या काकूंसाठी यायचे. काकू म्हणजे आईची जिवाभावाची मैत्रीण. लहानपणी मी आमच्या घरी कमी आणि त्यांच्या ओट्याशी जास्त जेवले असेन. माझा त्रागा त्यांच्या कानावर गेला तेव्हा त्यांना वाईट वाटलं, आणि त्यांनी आपल्या परीने उपाय केला. त्या सगळ्या नातेवाइकांना समजावून सांगू लागल्या, "दिवसा नका करू, ती कामात असते. सातच्या सुमारास सावलीच्या बसमध्ये मोकळी बसलेली असते, तेव्हा करा." माणूस भला आणि हेतूही भला, त्यामुळे मला काही बोलता येईना.

नवरात्र संपलं आणि एक वेगळ्याच तऱ्हेचा फोन सुरू झाला. आधी नुसता श्वास ऐकू यायचा. मग दबक्या आवाजात, हिंदीत, नको नको ते. मी बंद करायचे, पुन्हा वाजायचा. नंबर दर वेळी वेगळा. एकदा धीर करून मी उलट फोन लावला तर एका एस.टी.डी. बूथवाल्याने उचलला. "बेन, अहीं तो आखो दिवस लोको आवे छे, कोने ओळखुं?" तो म्हणाला. दिवसभर माणसं येत-जात असतात, त्यातल्या कुणाला ओळखणार? त्याचंही खरंच होतं.

मग एका संध्याकाळी तो आवाज म्हणाला, "सावली से निकल गई बस? खिड़की के पास बैठी है?" मी खिडकीपाशीच बसले होते. बसमध्ये रोजची माणसं डुलक्या घेत होती आणि मी एकेकाचा चेहरा न्याहाळू लागले. बूथवरून बोलणारा माणूस या बसमध्ये असू शकत नाही, एवढं साधं मला सुचलं नाही. तो मागच्या रिक्षात आहे, स्टॉपवर उभा आहे, आमच्या वळणावर आहे, असं वाटत राहिलं. त्या दिवसापासून मी एक स्टॉप आधी उतरून गल्लीबोळांतून घरी जाऊ लागले. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही, कारण कळलं तर बाबा काय करतील हे मला पक्कं ठाऊक होतं.

पण बडोद्यात कुणीतरी कुणाला तरी सांगतोच. मी भलत्याच स्टॉपवर उतरते हे बाबांपर्यंत पोहोचलं. त्यांनी विचारलं आणि माझा बांध फुटला. सगळं ऐकून ते चपला न काढता दारातच बसले. मग म्हणाले, "उद्यापासून जायचं नाही. नोकरी काय, दुसरी मिळेल." ते माझ्यावर रागावले नव्हते. ते घाबरले होते आणि तेच मला सहन होईना. दुसरी नोकरी मिळणार नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

आई मध्ये पडली. "असं एकदम कसं सोडता येईल? दिवाळीपर्यंत तरी जाऊ द्या तिला. तुम्ही घ्यायला जात जा," ती म्हणाली आणि माझ्यापुढे हात पसरला. "तो मोबाइल दे इकडे. माझ्याकडे राहील." एवढं झाल्यावर दिवाळीनंतर मी घरी बसायचं, हे ठरल्यासारखंच होतं. प्रयोगशाळेतल्या माझ्या टेबलाकडे पाहिलं की मला रडू यायचं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुपारपासून आमच्या स्वयंपाकघरात गल्लीतल्या बायका चकल्या करायला जमल्या होत्या. ही दरवर्षीचीच पद्धत, एकेका दिवशी एकेकीचा फराळ सगळ्यांनी मिळून करायचा. चकल्या पाडायचं काम काकूंचं, त्यात त्यांचा हात धरणारी कुणी नव्हती. आई तळणीपाशी होती आणि मोबाइल तिच्या शेजारी, मिठाच्या बरणीला टेकून. काम आवरता आवरता सात वाजले आणि तो वाजला.

आईने उचलला आणि काही न बोलता कानाला लावला. पलीकडच्याला वाटलं मीच ऐकतेय. तो बोलत राहिला. आईने फोन बंद केला नाही. त्यावर तळहात दाबून ती बायकांना हळूच म्हणाली, "माझी पोर रोज काय ऐकत होती ते तुम्हीपण ऐका." आणि तिने फोन शेजारच्या गुजराती मासींच्या कानाला लावला. मासींनी दोन शब्द ऐकले आणि "हाय हाय" म्हणत तोंड फिरवलं. मग आईने तो काकूंच्या कानाशी धरला, कारण काकूंचे हात पिठाने भरलेले होते.

काकूंच्या हातातला सोऱ्या थांबला. त्या ऐकत राहिल्या, दुसऱ्या कुणीही ऐकलं नसतं एवढा वेळ. कढईतल्या चकल्या करपल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही. मग काकू फोनमध्ये स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, मावशी येतेय."

फोन बंद झाला. काकूंनी सोऱ्या खाली ठेवला. "माझ्या बहिणीचा मुलगा," त्या म्हणाल्या. "नंबर मीच दिला होता बहिणीला. बसची वेळपण मीच सांगितली." त्यांनी हात धुतले, पदर सावरला. आई म्हणाली, "मी येऊ बरोबर?" तर म्हणाल्या, "नको. ते माझं घर आहे." आणि त्या रिक्षा करून गेल्या.

मी आधी संतापले आणि मग मला हसू फुटलं, खरंच फुटलं. या माणसाबरोबर मी काकूंकडच्या गणपतीत आरती म्हटली होती! तो ना माझ्या मागे होता, ना बसमध्ये, ना वळणावर. त्याच्याकडे होता माझा नंबर आणि बसची वेळ, तीही मावशीने दिलेली. खिडकीचं त्याने नुसतं ठोकून दिलं होतं. कितीतरी दिवसांनी मी छाती भरून श्वास घेतला.

काकू परत आल्या तेव्हा बाबा घरी होते. त्या आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. "भाऊजी, आईबापासमोर त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. पुन्हा फोन येणार नाही. बहीण म्हणाली, पोरीनेच काही केलं असेल. मी म्हटलं, मग तुझामाझा संबंध संपला." मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "चूक आमच्याकडची आणि घरी ही बसणार? तिची नोकरी सोडवू नका." जेवताना, झोपताना, बाबांनी तो विषयच काढला नाही.

दिवाळीची सुट्टी संपली. पहाटे मी उठले ती नुसती सवयीने. बाबा दाराशी स्वेटर घालून उभे होते. "डबा घेतलास ने?" त्यांनी विचारलं. मी स्वयंपाकघरात पळाले, डबा भरत असलेल्या आईच्या गळ्यात पडले आणि रडले.

त्या आठवड्यात आईने मोबाइल परत दिला आणि मी त्यात नवं सिमकार्ड घातलं. आईला नंबर सांगायला गेले तर तिने कानांवर हात ठेवले. "मला नको सांगू. माझ्या पोटात काही राहत नाही. तूच करत जा फोन." मी रोज बसमध्ये बसले की घरच्या फोनवर कळवू लागले. नंतर कधीतरी तिने नंबर घेतलाच, पण कुणी मागितला की मी तिला सांगताना ऐकायचे, "तिला विचारते आणि मग देते हं." मी नको म्हटलं की ती खरंच द्यायची नाही. आताचे फोनही पावलोपावली परवानगी मागतात, बारीक अक्षरांत, आणि आपण न वाचता हो म्हणून मोकळे होतो. माझी आई मात्र उत्तर ऐकायला थांबायची.

काकू मात्र आमच्याकडे यायच्या थांबल्या. मी दिसले की दार लोटून घ्यायच्या. आई दोनदा बोलावून आली, तरी नाहीच. मला त्यांची फार आठवण यायची.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी आम्ही सगळे गच्चीवर होतो. पतंगांनी आभाळ भरलं होतं आणि कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी चालली होती. काकू तिळगुळाचा डबा घेऊन धापा टाकत जिना चढून आल्या आणि थेट माझ्याकडे आल्या. तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर माझ्याजवळ बसल्या.

"तुझा नवा नंबर मला देशील?" त्या म्हणाल्या. "बहिणीकडे आता जाणंयेणं राहिलं नाही. कधी काही दुखलंखुपलं तर कुणाला तरी फोन करता यावा. नाही दिलास तरी चालेल. मी रागावणार नाही."

इतक्या लोकांकडे माझा नंबर गेला होता, पण तो माझ्याकडे कुणी मागितला, असं हे पहिल्यांदाच. मी वाकून त्यांच्या कानात सांगितला, सावकाश, एकेक आकडा. काकू ओठ हलवत पुटपुटत राहिल्या, एकदा चुकल्या, मी पुन्हा सांगितला. मग त्यांनी मान डोलावली.

"झाला पाठ," त्या म्हणाल्या. "आता कुणी विचारला तर सांगेन, विसरले."