चमचा सरांचा मोरपंखी द्रव

रिसोडच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर असताना मी चमचा सरांचा प्रयोगाचा द्रव गॅदरिंगच्या पताका चिकटवायला वापरून टाकला. फार घट्ट वाटला, म्हणून वाटीत ओतून वर पाणीही घातलं.

'चमचा' शब्दावरून गैरसमज नको. प्राचार्यांच्या पुढे-पुढे करणं सरांना जन्मात जमलं नाही. त्यांच्या खिशात पेनाशेजारी खरोखरचा चमचा असायचा. चहा, ताक, ऑइलपेंट, जे दिसेल ते ढवळायचे आणि कसं वाहतं ते बघत बसायचे. जेवतानाही आधी ताट तिरपं करत. काकू वैतागायच्या, "बेसन खाऊन पाहा न! वाहून काय पाहून राह्यले?"

औषधाच्या गोळ्यांत घालतात तसली सेल्युलोजची भुकटी थोड्याशा पाण्यात मुरवून सरांनी तो द्रव केला होता. बाटली उजेडात धरली की आत मोरपिसाचे रंग हलायचे. सर सांगत, "याचे रेणू म्हंजे तुराट्या, तुरीच्या वाळल्या काड्या. ढिगात कशाही पडतात, गुंततात. नाल्यात सोड, पाण्याच्या वाटेनं सरळ होतात. हेबी तसंच. सरकवलं का रेणू रांगेत येतात, अन् घट्ट द्रव सैल वाहते." मी मान डोलवायचो. त्या कामात कॉलेजात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी नागपूरचे प्राध्यापक येणार होते. द्रव पाहून ते सरांना पीएच.डी.ला घ्यायचं की नाही ते ठरवणार होते. केस पिकलेल्या सरांना आणखी कोण विचारणार होतं? हे मला कळलं तोवर पताका वाळल्या होत्या.

"काहून रे, बाटलीतलं कुठं गेलं?"

"सर... पताका..."

सरांनी वर पताकांकडे पाहिलं. आता चमचा डोक्यात बसतो, म्हणून मी मान आत घेतली. त्यांनी तो बाटलीत घातला आणि बूड खरवडलं. "दोन थेंब हायेत. लय झाले!"

पाहुणे आले तेच घड्याळ बघत; परतीची एसटी गाठायची होती. सरांनी दोन काचांमध्ये थेंब दाबला, वर-खाली उजेड गाळणाऱ्या पोलरॉइडच्या चकत्या धरल्या आणि म्हणाले, "बोट तुमचंच लावा, साहेब."

साहेबांनी वरची काच सरकवली. रंगांची गिचमिड झटक्यात एका दिशेला वळली. बोट थांबलं आणि आडव्या पट्ट्या उमटल्या. साहेबांनी पुन्हा सरकवलं. मग पुन्हा. मग स्टूल ओढून बसले. सर शेजारी टाळ्या पिटत होते, "आले! पाहा, आले रांगेत!" एसटी केव्हाच गेली. रात्री साहेब सरांकडेच जेवले, आणि काकूंच्या देखत दोघांनी ताटं तिरपी केली.

उन्हाळा संपता संपता सर नागपूरला निघाले. स्टँडवर मी त्यांची ट्रंक चढवली. खिडकीशी जाऊन म्हणालो, "सर, मलाही न्या ना. प्रयोगात मदत करीन."

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मदतच करायची हाये न तुले? मंग तू इथंच राह्य."