सुकराम काकांनी कापायला लावलेलं गाणं

ज्या माणसाचा आवाज मी माझ्या हाताने कापला, तो आज सकाळी गेला.

आमचे सुकराम काका. दवनीवाड्याकडचे. शेती धानाची, पण नाव दंडारीत, आमच्याकडच्या नाचगाण्याच्या खेळात. दिवाळीनंतर गावाची जत्रा, मंडई, भरते; तिथे काका गायला उभे झाले की बाया चूल सोडून यायच्या.

नव्याण्णवच्या मंडईत मी त्यांची कॅसेट रेकॉर्ड केली. मी तेव्हा कॉलेजला. टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन स्टेजला टेकून बसलो होतो.

त्या कॅसेटमध्ये एक गाणं भागरथाबाईवर होतं. बाईंचं नाव मी इथे बदललंय.

त्या आमच्या गावातल्याच. बौद्ध मोहल्ल्यातल्या. आमच्या धानाच्या रोवणीला यायच्या.

गाण्यात त्यांचं नाव होतं. जात होती, तीही शिवीसारखी. आणि त्या कोणाच्या शेताच्या धुऱ्यावर कोणाला भेटतात, ते होतं.

सगळं खोटं. लोकं हसावीत म्हणून जोडलेलं.

कॅसेट हिट झाली. पानठेल्यावर, ट्रॅक्टरवर, वरातीत. त्यांची मुलगी नववीत होती. पोरं तिच्या मागे तेच गाणं म्हणायची. तिची शाळा सुटली.

आम्हाला कोणालाच त्यात काही वाटलं नाही. खरंच नाही.

बऱ्याच वर्षांनी काका तिरोड्याला माझ्या मोबाइलच्या दुकानात आले. खिशात तीच कॅसेट. म्हणाले, मेमरी कार्डात भरून दे, पण ते गाणं काढ.

काऊन, म्हणून मी विचारलं.

आदल्या दिवशी काका ज्या काळीपिवळी जीपमध्ये बसले होते, तिच्यात ड्रायव्हरने तीच कॅसेट लावली होती. मागच्या सीटवर भागरथाबाई. गाणं सुरू झालं तशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि भर उन्हात, गाव यायच्या आधीच उतरून गेल्या. काकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी गाणं कापलं. काकांनी हेडफोन लावून ऐकलं, मग काढून माझ्याकडे दिला.

"गाणं गेलं. पण लोकं अजून हासूनच राहिले, बाबू."

मी ऐकलं. कट जरा आधीच झाला होता. हसणं राहून गेलं होतं.

त्यातलं सगळ्यात जवळचं, अगदी टेपला लागून असलेलं हसणं माझं होतं.

मी तेही कापलं.

मग आम्ही दोघं भागरथाबाईंकडे गेलो. काकांनी सांगितलं, बाई, गाणं काढलं, ऐकून घे. मी मोबाइल मधोमध ठेवला. जिथे ते गाणं यायचं, तिथे थोडी कोरी जागा सुटली होती.

त्या शांततेत बाईंनी ते गाणं म्हटलं.

चाल न लावता. रेशन कार्डावरची नावं सांगावी तसं. चारही कडवी. एक शब्द इकडेतिकडे नाही.

काकांनी मान वर केली नाही.

मग त्या म्हणाल्या, "यातून काढलं, बरं केलं, भाऊ. पण मंडईत जेवढ्या लोकायसमोर म्हटलं, तेवढ्या लोकायसमोर सांग, खोटं होतं म्हून."

त्या वर्षीच्या मंडईत काका स्टेजवर चढले. भागरथाबाईंचं नाव आदराने घेतलं. म्हणाले, ते सगळं मी मनाने रचलं होतं, या बाईचा काही दोष नव्हता.

मागून कोणीतरी म्हणालं, ते राहू द्या, तेच गाणं होऊन जाऊ द्या.

लोकं हसली.

काका उतरून घरी गेले. पुन्हा कधी गायले नाहीत.

आज त्यांच्या अंगणात भागरथाबाई आल्या होत्या. बायांपासून जरा लांब उभ्या. मी जवळ गेलो आणि इतक्या वर्षांत न सांगितलेलं सांगितलं. मावशी, त्या कॅसेटमध्ये सगळ्यात मोठ्याने हसणारा मी होतो.

"मले मालूम आहे," त्या म्हणाल्या. "तुहा आवाज मी तवाच ओळखला."

एवढंच. मग त्या काकांच्या पाया पडायला गेल्या नाहीत, पण मयत उठेपर्यंत थांबल्या.

सकाळपासून ग्रुपवर सगळे काकांची गाणी मागत आहेत. पाठवतो. एक गाणं त्यात नसेल. ते मागू नका. कोणाकडे असेल तर टाकू नका.

काका, तुम्ही चारचौघांत उभं राहून सांगितलंत.

मला आजपर्यंत जमलं नव्हतं. आज लिहिलं.

या आता. रामराम.